वैकुंठातल्या चपला

भरदुपारी छगनशेठच्या केळी पिकवायच्या खोलीसमोर शे-दीडशे माणसं अनवाणी रांगेत उभी होती. आत मात्र रावेरची केळी नव्हती, वैकुंठ होतं. निदान सागरानंद महाराज तसं म्हणत. शिंदखेड्याकडच्या आमच्या गावात प्यायच्या पाण्याची मारामार, आणि इथे थेट क्षीरसागर उतरला होता! बाहेर येणारा प्रत्येकजण डोळे पुसत येई.

मी गावच्या शाळेत भूगोल शिकवते. हसून सोडून दिलं असतं, पण सातवीतली पुष्पा तीन आठवडे वर्गात नव्हती. तिला क्षय होता. सरकारी दवाखान्याच्या गोळ्यांनी पोर आत्ता कुठे सावरू लागली होती. मी तिच्या आईला, भिकुबाईला, रांगेतच गाठलं.

"गोया बंद कयात," ती शांतपणे म्हणाली. "मना धनी तठे शे, बाई. मी मना डोयाघाई दखं. महाराज म्हणतस, बाप तठून पोरनी काळजी ली. आते गोया कसाले?"

तिचा नवरा वर्षापूर्वी गेला होता. तो आत दिसला, आता तोच तिथून पोरीला सांभाळेल, म्हणून तिने गोळ्या थांबवल्या होत्या. चपला दाराशी काढून तिच्यामागे आत गेले.

खोलीला खिडकी नाही. केळी पिकवायला करतात तसा धूर कोंडलेला. समोर निळंशार पाणी उजळलं, काठावर चिखल, आणि चिखलातून वर आलेली शेकडो बोटं. महाराज गहिवरून सांगत होते, की ही पुण्यात्म्यांची बोटं, आणि ही घरघर म्हणजे शेषनागाचा श्वास. मध्येच वीज गेली आणि वैकुंठ विझलं. रांगेत कुणीतरी पापी आहे, असं महाराज म्हणाले. दहा मिनिटांनी वीज आली, तसा पापीही शुद्ध झाला.

ती घरघर मात्र माझ्या ओळखीची होती. पंख्याचं एक पातं खरखरणारा आमच्या शाळेचा स्लाइड प्रोजेक्टर! गेल्या हिवाळ्यात मी आणि आमच्याच शाळेतले पंडित सर शिक्षकांच्या शिबिरासाठी कोकणातल्या एका बेटावर गेलो होतो. समुद्र न पाहिलेल्या आमच्या पोरांना बेट दाखवायचं म्हणून आम्ही स्वतः फोटो काढले, त्यांच्या स्लाइड केल्या. तीन आठवड्यांपूर्वी पंडित सर म्हणाले, की बल्ब गेलाय, यंत्र जळगावला दुरुस्तीला पाठवलंय. मी विश्वास ठेवला. तेव्हापासून फळ्यावर खडूने बेट काढत होते.

आणि चित्राच्या कोपऱ्यात, वैकुंठाच्या चिखलाकाठी, बेटावर फोटो घेताना मी काढून ठेवलेल्या माझ्या चपला होत्या. एकीचा पट्टा निळा, दुसरीचा पांढरा.

मी दाराशी गेले, तिथे काढलेल्या त्याच चपला हातात घेऊन आत आले आणि उजेडात धरल्या. "भिकुबाई, तिथे बघ आणि इथे बघ. मी अजून मेले नाही. मग माझ्या चपला वैकुंठात कशा?"

भिकुबाई चपला आणि चित्र आळीपाळीने बघू लागली. मग सुकदेव नावाच्या हमालाने पुढे होऊन धुरात हात घातला. हाताला लागलं ते ताणून बांधलेलं ओलं धोतर. ते त्याने ओढलं. पलीकडे भिंतीला भोक, भोकामागच्या खोलीत आमचा प्रोजेक्टर, आणि प्रोजेक्टरशेजारी पंडित सर.

महाराज त्यांचे मेव्हणे निघाले. सरांनी मान खाली घातली असती तर मला कमी लागलं असतं. ते म्हणाले, "बाई, तुमच्या तासाला हेच बेट बघताना पोरं जांभया देतात. इथे लोक रडतात." आठ दिवस त्या बेटावर आम्ही एकाच डब्यातून जेवलो होतो. त्या माणसाला मी आजही माफ केलेलं नाही.

महाराज संध्याकाळच्या एसटीने पसार झाले. दुसऱ्या दिवशी मी शाळेची दारं-खिडक्या लावून यंत्र सगळ्यांसमोर टेबलावर मांडलं. बटण भिकुबाईला दाबायला लावलं. तिने उजेडासमोर हात धरला, तसा समुद्र तिच्या तळव्यावर आला. एका बोटाकडे ती बघत राहिली. तेच नवऱ्याचं म्हणून तिने ओळखलं होतं.

"हाई काय शे?"

"तिवराचं मूळ आहे. चिखलात हवा नसते, म्हणून ते झाड श्वास घ्यायला मुळं वर काढतं."

तिने हात उजेडातून काढला. मग म्हणाली, "तुमना मास्तरनी मना धनीले परत मारी टाकं."

म्हणून तुम्हा सगळ्यांना एवढंच सांगते, कुणी चमत्कार दाखवला तर नमस्कार करण्याआधी मागची खोली उघडून बघा. दाखवणारा मास्तर असला तरी बघा. आणि मी असले तरीही.

भिकुबाईने कमरेची पिशवी सोडली. आत तीन आठवड्यांच्या गोळ्या तशाच होत्या. तिने त्या टेबलावर ओतल्या आणि विचारलं, "आते कथाईन सुरू करू?"

मी प्रोजेक्टर बंद केला, चपला घातल्या आणि म्हणाले, "कुठून सुरू करायचं ते डॉक्टर सांगतील. चल, पुष्पाला घे. आधी दवाखान्यात जाऊ."