चौदा नंबरचा स्वेटर

“नंबर, आत्या, नंबर सांगा!”

कानात खोचलेल्या यंत्रातून ऑफिसातली मुलगी ओरडत होती. आत्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावली. सीमारेषेजवळ गवतावर कोसळलेली खेळाडू चेंडू उंच धरून उठत होती आणि बाकीच्या दहाजणी किंचाळत तिच्याकडे धावत होत्या. त्यांच्या गर्दीत ती दिसेनाशी व्हायच्या आत स्वेटरची पाठ क्षणभर स्पष्ट दिसली.

“चौदा,” आत्या म्हणाल्या.

“झेल चौदा. पाच सेकंद लागले. आज जरा हळू चाललंय हं तुमचं.”

चौदा नंबरची अशी कोपरं फाकवून धावत नाही, एवढं त्यांच्या मनात आलं होतं. पण मनात येऊन ते ओठांवर येईपर्यंत नवी फलंदाज मैदानात उतरली, गोलंदाज धावत सुटली आणि कानातली मुलगी पुढचा आकडा मागायला लागली. वहीच्या जमान्यात आत्यांनी पेन्सिल अधांतरी धरली असती, षटक संपल्यावर हाक मारून विचारलं असतं, “कोण गं होती ती?” आणि मगच नाव लिहिलं असतं. चाळीस वर्षं त्यांनी गुण लिहिले, पण नाव ऐकल्याशिवाय झेल लिहिला नाही.

आता ऐकायला वेळ नव्हता. मैदानावर दोनशे माणसं असतील नसतील, पण फोनवर हा सामना बघत बसलेल्यांची संख्या साठ हजारांवर गेली होती. त्यातल्या प्रत्येकाने आपापल्या अकराजणी निवडल्या होत्या, आणि त्या झेलाचे आठ गुण आपल्या खात्यात पडले की नाही हे त्यांना लगोलग कळायला हवं होतं.

सामना संपला. दहा मिनिटांत निकाल जाहीर झाला आणि पुढच्या पंधरा मिनिटांत तो गोठला. गोठला हा कंपनीतला शब्द. म्हणजे आता त्यात ब्रह्मदेवालाही हात घालता येणार नाही.

आत्या टेबल आवरत होत्या तेवढ्यात चाळणी आली. संघातल्या मुलींनी तिला हे नाव ठेवलं होतं, कारण तिच्या हातांतून सगळं गळायचं. गोलंदाजी झकास, पण झेल म्हटला की सुटलाच. केस पुसत पुसत ती टेबलाशी घुटमळली.

“आत्या, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार की.”

“आई फोनवर बघत होती. ती म्हणते, तो झेल चौदा नंबरच्या नावावर लागलाय. तो मी घेतला हो.”

“तुझा नंबर तर नऊ.”

“हो, पण स्वेटर तिचा होता. गोलंदाजी करताना आम्ही पंचांच्या कमरेला स्वेटर बांधतो ना? तिचं षटक झालं, तिला उकडत होतं, म्हणून तिने स्वेटर तिथेच ठेवला. मग माझं षटक झाल्यावर पंचांनी हाताला लागला तो स्वेटर सोडून मला दिला. थंडी काय वाजत होती! मी बघितलंसुद्धा नाही, चढवला आणि पळाले.” ती हसली. हसता हसता तिचा चेहरा पडला. “सहा वर्षांत माझ्या नावावर एकही झेल नाही, आत्या. सोमवारी माझी बदली होतेय. तिकडे मैदानच नाही म्हणे. हा एक होता.”

“चूक माझी आहे,” आत्या म्हणाल्या. “तुझं नाव लागेल. मी लावते.”

असं ठाम बोलायला त्यांना अवघड वाटलं नाही, कारण ती सगळी आकड्यांची दुनिया त्यांच्याच घरात जन्मली होती.

सतराव्या वर्षी त्या भावाचे सामने लिहायला बसल्या, कारण त्याच्या संघाला गुण लिहिणारं कुणी मिळत नव्हतं आणि भाऊ म्हणाला, “तुला तरी दुसरं काय काम आहे?” काम होतं, पण त्या बसल्या. भावाचं लग्न झालं, मुलगा झाला, भाऊ खेळायचा थांबला, तरी आत्या बसतच राहिल्या. लग्नाचं पुढे ढकलता ढकलता राहूनच गेलं. भाऊ गेला तेव्हा तेराव्या दिवसाच्या आत भाच्याने त्यांना विचारलं होतं, “आत्या, बाबांची सरासरी किती होती गं?” आणि त्यांनी वही न उघडता सांगितलं, “एकतीस पूर्णांक चार. शेवटच्या सामन्यात नाबाद राहिला असता तर बत्तीस झाली असती.” तो बराच वेळ रडला. मग त्याने कपाटातल्या त्या सगळ्या वह्या संगणकात घालायला घेतल्या.

पहिली दोन वर्षं कंपनी म्हणजे आत्यांचं जेवणाचं टेबल होतं. भाचा, त्याचे तीन मित्र, पायात अडकणाऱ्या वायरी, आणि दर तासाला कुणीतरी “आत्या, चहा!” म्हणणारं. वेबसाइटवर नुसते आकडे असायचे. कुठल्याशा गावातून एखादे आजोबा लिहायचे, मी अमुक साली पाच बळी घेतले होते, नातू खोटं म्हणतो, तेवढं बघा. आत्या शोधून काढायच्या. एकदा एका आजोबांचे पाचाचे चारच निघाले, तर त्यांनी आत्यांशी पत्रातून कडकडून भांडण केलं. आत्यांनी ते पत्रही जपून ठेवलं होतं.

पण वाचणारे मोजके. आजोबा संपले की वाचकही संपणार, असं मित्र म्हणायचे. मग भाच्याने विचारलं, “आत्या, खेळ करू या का? लोक आपापला संघ निवडतील. धावेला किती गुण द्यायचे, बळीला किती, झेलाला किती, तू सांग.” तीन दिवस त्या टेबलाशी बसून भांडल्या. झेलाला आठ गुण त्यांनीच मिळवून दिले. मित्रांना चार पुरे वाटत होते. “झेल सुटला तर गोलंदाजाच्या कष्टांची माती होते,” त्या म्हणाल्या, “आठच्या खाली एक नाही.” ती यादी छापून आली तेव्हा त्यांनी शेजारणीला बोलावून दाखवली होती.

खेळ चालला. इतका चालला की कंपनी टेबलावर मावेना, मग घरात मावेना, मग सातव्या मजल्यावर गेली. एका सकाळी वायरी गुंडाळून पोरं गेली. जाताना सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. दुपारी आत्यांनी सवयीने पाच कप चहा टाकला आणि एकट्याच दोन प्यायल्या. उरलेला ओतून दिला. घर एवढं गप्प होतं की त्यांना रेडिओ लावावा लागला. मैदानावरच्या टेबलाची नोकरी भाच्याने दिली तेव्हा त्यांनी पगार विचारलाच नाही. कानात कुणीतरी बोलत राहणार होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळीच आत्या सातव्या मजल्यावर गेल्या. काचेच्या खोलीत भाच्याने त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सगळं नीट ऐकून घेतलं. पोरगा वाईट नव्हता. फक्त ऐकताना त्याचा हात सारखा फोनकडे जात होता.

“तू म्हणतेस ते खरंच असणार,” तो म्हणाला. “पण निकाल गोठलाय, आत्या. आठ गुण इकडचे तिकडे केले तर पहिला येतो एकविसावा, आणि चारशे जणांचं बक्षीस बदलतं. बक्षिसं वाटून झाली.”

“मग तुमचा निकाल तसाच राहू दे. मी कुठे मागतेय? त्या मुलीच्या पानावर झेल लाव, चौदाच्या पानावरून काढ. बस.”

“ते आणखी वाईट. स्पर्धेत एक आणि नोंदीत दुसरंच दिसलं तर लोक फोटो काढून फिरवतील. त्यांनी विश्वास कशावर ठेवायचा?”

“जे खरं आहे त्यावर.”

भाचा हसला, पण ते हसू थकलेलं होतं. “आता नोंद स्पर्धेसाठी आहे गं. आधी उलटं होतं, मला माहितीये.”

“तुझ्या बाबांचा एक झेल असा दुसऱ्याच्या नावावर गेला असता तर?”

“बाबांना काय, त्यांनी सोडून दिलं असतं.”

“त्याने सोडलं असतं,” आत्या म्हणाल्या. “मी नसतं सोडलं.”

बाहेर पडताना कानात बोलणारी ती मुलगी त्यांना समोरासमोर भेटली. दीड वर्षात पहिल्यांदाच. ती एवढीशी, चष्मेवाली निघाली. “अय्या, तुम्ही आत्या!” म्हणाली आणि कानातलं यंत्र सावरत आत पळाली.

घरी येऊन दुपारी आत्यांनी घरचा संगणक उघडला. वेबसाइटचं सगळ्यात पहिलं खातं त्यांच्या नावाचं होतं आणि त्याला सगळे अधिकार होते. ते बंद करायचं कुणाच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. त्यांनी चाळणीचं पान काढलं. झेल या रकान्यात शून्य होतं. तिथे त्यांनी एक केला, चौदाच्या पानावरचा एक कमी केला आणि खाली लिहिलं: “नोंद दुरुस्त. चूक गुणलेखिकेची.” सामना लिहिताना झालेली चूक अशीच मान्य करायची असते, हे त्यांनी कित्येक नवशिक्यांना शिकवलं होतं. मग खिडकीशी जाऊन बसल्या. बरं वाटत होतं आणि भीतीही वाटत होती.

तासाभराने दार वाजलं. भाचा होता. अकरा महिन्यांनी तो या घरात येत होता, हे आत्यांच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी गिळलं. तो जेवणाच्या टेबलाशी, आपल्या जुन्या जागेवर बसला.

“चहा टाकते.”

“नको. आत्या, मी ते परत होतं तसं केलंय.”

“मी परत बदलीन.”

“साडेतीनशे तक्रारी आल्यात तासाभरात. वकिलाचा फोन आला. तिथे नव्वद माणसं कामाला आहेत, त्यांच्या घरादाराचा प्रश्न आहे. एका झेलासाठी?”

“तिच्याकडे तो एकच आहे रे.”

“मग मला तुझं खातं बंद करावं लागेल. आणि मैदानावरचं कामही. तिथे तसेही आता कॅमेरे लावतोय, माणूस बसवायची गरज नाही. मी तुला ऑफिसात दुसरं काहीतरी...”

“काहीतरी नको,” आत्या म्हणाल्या. हे घर पुन्हा गप्प होणार, आणि यावेळी कायमचं, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. ‘राहू दे, नाही बदलत’ एवढंच म्हणायचा अवकाश होता. पोरगा चहा प्यायला असता, शनिवारी कानात आवाज आला असता. चार शब्द होते. त्यांनी ते म्हटले नाहीत. “बंद कर. पण मागाहून नको. इथे, माझ्यासमोर कर.”

भाच्याने फोन काढला. त्याचा अंगठा दोनदा चुकला. तिसऱ्यांदा झालं. मग तो उठला, दारापर्यंत गेला, परत आला आणि वाकून त्यांच्या पाया पडला. आत्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तो गेल्यावर त्यांनी चाळणीला फोन लावून जे घडलं ते सगळं सांगितलं. नाव लागलं नाही, हेही सांगितलं.

“जाऊ द्या हो आत्या,” ती म्हणाली. मागे सामान बांधल्याचे आवाज येत होते. “तासभर होतं ना? आईने बघितलं.”

पुढचा शनिवार आत्यांनी घरी काढायचा प्रयत्न केला. दहा वाजेपर्यंत कपाट आवरलं. साडेदहाला पायांत चपला सरकवून त्या मैदानावर गेल्या, आणि बाईमाणूस उगाच का बसलंय असं कुणी म्हणू नये म्हणून मांडीवर वही उघडून एका बाकावर बसल्या. समोरच्या बाजूला, जिथे त्यांचं टेबल असायचं, तिथे आता दोन लोखंडी खांब होते आणि त्यांवर कॅमेरे. खाली गवत मोकळं होतं.

चौथ्या षटकात एक चेंडू फलंदाजाला चुकवून गेला, यष्टिरक्षक मुलीलाही चुकला, आणि दोघी फलंदाज पळून एक धाव घेऊन मोकळ्या झाल्या. बाय. पंचांनी सवयीने टेबलाच्या दिशेला वळून हात उंच केला, पंजा उघडा. पंच म्हातारे होते. त्यांना शिकवलेली रीत अशी, की गुण लिहिणाऱ्याने उलट हात वर करून ‘कळलं’ म्हणेपर्यंत आपला हात खाली घ्यायचा नाही आणि पुढचा चेंडू टाकू द्यायचा नाही.

समोर दोन खांब होते. हात तसाच वर राहिला. गोलंदाज आपल्या जागी जाऊन थांबली. “चला ना काका!” कुणीतरी ओरडलं. कुणीतरी हसलं. पंचांनी इकडेतिकडे बघितलं. हात खाली घ्यावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

मैदानाच्या दुसऱ्या टोकाला आत्या बाकावरून उठल्या. वही काखेत धरून त्यांनी उजवा हात सरळ वर केला आणि पंच वळून आपल्याकडे बघेपर्यंत तसाच धरून ठेवला.

पंचांनी बघितलं. हात खाली घेतला. गोलंदाज धावत सुटली.