उष्टी गोळी

मनाच्या आजारांच्या वॉर्डात उदासीवरच्या दोन औषधांची तुलना चालू होती. गोळ्या दिसायला सारख्याच. कुणाच्या वाट्याला कुठली आलीये ते डॉक्टरीणबाईंनाही ठाऊक नव्हतं. टेलरताईला मात्र पक्कं ठाऊक होतं. आली तेव्हा तिला केस विंचरायची शुद्ध नव्हती. आता सिस्टरच्या बाहीची उसवलेली शिवण दिसली की तिचे हात शिवशिवत. म्हणजे चांगली गोळी तिचीच. शेजारच्या खाटेवरच्या शाळेतल्या बाई मात्र भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, त्या पडलेल्याच.

"बाई, बदलू या का? मी तर बरी झालेच. माझी उष्टी चालेल ना?"

"जेवण घशाखाली उतरत नाही, उष्ट्याचं काय घेऊन बसलीस," बाई भिंतीलाच म्हणाल्या.

तेव्हापासून दोघी गोळी गालात धरून ठेवायच्या आणि सिस्टरची पाठ वळली की अदलाबदल करायच्या.

पंधरवड्यात टेलरताईची झोप उडाली. लेकीने फोनवर गाणं म्हटलं, ते दुसऱ्याच कुणाच्या लेकीचं वाटलं. पण घरी जायचं होतं ना! झोप, भूक, जगणं नकोसं वाटतं का, सगळ्या प्रश्नांना तिने बरी असतानाची मागचीच उत्तरं हसून दिली.

"शाब्बास! उद्या घरी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी नवरा लेकीला घेऊन आला. लेक येऊन बिलगली. "आई, मशीन मी पुसलंय. पण बाबांनी तुझी मोठी कात्री लपवलीये. कुठे ते सांगतच नाहीत!"

कुठे असेल ते टेलरताईला तत्क्षणी उमगलं. आणि उमगल्याचं इतकं बरं वाटलं, की तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

"डॉक्टर, मला पाठवू नका," ती म्हणाली आणि गोळ्यांचं सगळं सांगून मोकळी झाली. लेक भोकाड पसरून रडायला लागली.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "आणि बाई?"

"त्यांना गुण आला की! आज आपणहून उठल्या, खाट आवरली."

"मन सावरायच्या आधी अंगात बळ येतं कधीकधी, तीच वेळ धोक्याची," म्हणत डॉक्टरीणबाई झपाझप निघाल्या; मागोमाग टेलरताई, नवरा, लेकही. खाटेवर चादर ताणून घातलेली. न्हाणीघराचं दार बंद.

"बाई? अहो बाई!"

"आले हं," आतून शांत, वर्गात बोलावं तसा आवाज आला.

या वॉर्डातल्या दारांना आतून कडी नसते. तरीही ढकलून दार उघडेना; आतून काहीतरी अडकवलेलं होतं. टेलरताईने एका हाताने लेकीचं तोंड पोटाशी घट्ट धरलं, नवऱ्यावर "बघत काय बसलात!" म्हणून ओरडली, आणि दुसऱ्या बाजूच्या खांद्याने दाराला भिडली.