माझ्यावर कोरलेले नाव कोणाचे?

मी एक जुना पितळी बिल्ला आहे. हॉटेलात, बँकेत, मोठ्या दुकानात माणसे छातीवर नाव लावून उभी असतात ना, तसला. बोटाएवढी लांबी, मागे एक पिन आणि पुढे कोरलेले एक नाव. ते नाव कोणते, हे मी तुम्हांला सांगणार नाही. मित्रांनो, रागावू नका. ते माझे नाव नाही आणि नऊ वर्षांत ज्यांच्या छातीवर मी बसलो, त्यांच्यापैकी कोणाचेही नव्हते. दुसऱ्याची वस्तू मिरवावी लागते, तेव्हा जिवाला चैन पडत नाही. ड्रॉवरमध्ये ठेवले तरी मी खडखडत राहतो, ते त्यामुळेच.

माझा जन्म एका लहानशा दुकानात झाला. तिथे बक्षिसांचे कप, ढाली आणि दारावरच्या पाट्या बनत. कोरणारा कारागीर म्हातारा होता आणि कामाला पक्का होता. त्याने माझ्यावर पहिले अक्षर कोरले आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला विचारले,

"हे साहेब कोण?"

"अजून यायचेत," गिऱ्हाईक म्हणाले.

"माणूस यायच्या आधीच नाव?"

"नाव तयार असलं की माणूस मिळतोच. तुम्ही कोरा."

ते गिऱ्हाईक म्हणजे माझे मालक. बुटांच्या दुकानावर, तिसऱ्या मजल्यावर त्यांची इंग्रजी शिकवणारी खासगी शाळा होती. पाच खोल्या, मध्ये काचेच्या भिंती आणि जिन्यात कायम नव्या रबराचा वास. शिकवायला माणसे दूरच्या देशांतून यायची. मला वाटले, माझ्या नावाचा कोणी थोर विद्वान विमानातून उतरणार आणि मला छातीवर लावून फोटो काढणार. नवा होतो, चकचकीत होतो, डोक्यात हवा होती.

पहिले सर उंच होते. त्यांचे खरे नाव वेगळेच निघाले, पण मालकांनी मला त्यांच्या खिशावर लावले आणि म्हणाले, "आजपासून तुम्ही हे." आठ महिन्यांत सर कंटाळून गेले. मी राहिलो. मग दुसरे आले, बुटके. मग तिसरे, मग चौथे, दाढीवाले. खाली फलकावर मात्र दरवर्षी एकच गोष्ट लिहिली जायची, की आमचे हेच अनुभवी शिक्षक इतकी वर्षे तुमच्या सेवेत आहेत. नाव असे निवडले होते की पुरुषालाही चालेल आणि बाईलाही. एका सुट्टीच्या आधी हे अनुभवी शिक्षक दाढी खाजवत घरी गेले आणि सुट्टीनंतर अंबाडा घालून परत आले. तरी कोणी काही विचारले नाही! जुनी मुले वरच्या वर्गात गेलेली असायची आणि नव्या मुलांना काय माहीत? त्या अंबाड्याखाली होत्या आमच्या बाई. माझी गोष्ट खरी त्यांच्यापासून सुरू होते.

पहिल्या दिवशी बाईंनी मला हातात घेऊन नीट वाचले.

"सर, हे माझं नाव नाही."

"माहितीये," मालक हसून म्हणाले. "तुमचं नाव इथल्या जिभेवर बसायचं नाही. पालकांना असंच नाव लागतं. आणि कोणी विचारलं, तर तुम्ही इथे सात वर्षं आहात."

"मी काल आलेय."

"मग उद्यापासून सात वर्षं."

बाईंनी मला स्वेटरवर लावले. लावताना माझी पिन त्यांच्या बोटाला लागली आणि थेंबभर रक्त आले. त्या दिवसापासून माझी पिन थोडी सैलच राहिली.

वर्गातला पहिला धडा कोणता, ते तुम्हांला ठाऊक आहे. 'माझे नाव अमुक आहे.' बाई फळ्यापुढे उभ्या राहून माझ्यावर बोट ठेवायच्या आणि तीस मुलांसमोर खोटे बोलायच्या. मुले तेच मोठ्याने म्हणायची. इतक्या लहान मुलांकडून इतक्या मोठ्याने खोटे वदवून घेताना बाईंची छाती धडधडायची. मी तिच्यावरच बसलेला, मला नाही कळणार तर कोणाला?

कामाचे म्हणाल तर दिवसाचे चार तास शिकवायचे ठरले होते. शिकवायच्या त्या सात तास. मधल्या वेळात खोल्या झाडायच्या, बाके पुसायची, सुट्टीच्या दिवशी चौकात उभे राहून शाळेची पत्रके वाटायची, आणि तेव्हाही मी छातीवर हवाच. राहायला शाळेचीच एक खोली होती, चार जणींना मिळून दोन खिडक्या, त्यातली एक न उघडणारी. कोणी कुरकुर केली की मालक आवाज न चढवता एकच वाक्य बोलत, "दाखला हवाय ना?"

हा दाखला म्हणजे दोन वर्षे शिकवल्याचा अनुभवाचा कागद. बाईंचा सगळा जीव त्यात अडकला होता. शेजारच्या शहरात एक चांगली, नियमाने चालणारी शाळा होती. तिथे शिक्षकांना कुटुंब आणून राहता यायचे, पण नोकरीसाठी दोन वर्षांचा दाखला लागायचा. बाईंची आठ वर्षांची मुलगी, चिऊ, मायदेशी आजीजवळ होती. दाखला मिळाला तर चिऊ येणार, नाही तर नाही. इतके ते सरळ होते. म्हणून बाई तोंड दाबून बुक्क्यांचा मार सहन करत होत्या.

त्यांच्या भाषेत बोलणारे शाळेत एकच होते, मिशीवाले सर. त्यांच्या छातीवरही बिल्ला होता, माझा भाऊच म्हणा. शाळेच्या दारावरची भली मोठी सोनेरी पाटी पाहून ते म्हणायचे, "नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा! काय बाई, बरोबर ना?" बाई हसायच्या, पण अर्ध्यातच थांबायच्या.

दुपारच्या सुट्टीत बाई जिन्यात उभ्या राहून चिऊला व्हिडिओ कॉल करत. कॉल लावण्याआधी मला काढून खिशात टाकायची त्यांची पद्धत होती. पण दुसऱ्या वर्षाच्या शेवटाला एकदा घाईत त्या विसरल्या. चिऊ बोलता बोलता गप्प झाली. मग एकेक अक्षर जुळवत तिने मला मोठ्याने वाचले.

"आई, हे कोणाचं नाव आहे?"

"शाळेचं आहे गं ते."

"शाळेचं नाव तुझ्या अंगावर कशाला? तुझं का नाही?"

"इथे तसंच असतं, चिऊ."

"मी माझ्या वहीवर तुझं नाव लिहिलंय. आईचं नाव, म्हणून एक ओळ असते ना, तिथे. पूर्ण लिहिलंय. आजोबांचं नाव, आडनाव, सगळं." मग तिने विचारले, "तुला कोणी तुझ्या नावाने हाक मारतं का गं तिथे?"

मागून आजीचा आवाज आला, "अगं, आईला जेवू दे." बाईंनी "मारतात की" असे सांगून फोन ठेवला. जेवल्या मात्र नाहीत. मला तेव्हा पिनेसकट तुटून जिन्यावरून खाली पडावेसे वाटले. पितळेला लाज वाटत नाही म्हणतात, ते खोटे आहे.

महिनाअखेर दोन वर्षे पुरी होणार होती. बाई मालकांच्या खोलीत गेल्या आणि दाखला मागितला. मालकांनी कपाटातून रजिस्टर काढून त्यांच्यापुढे ठेवले.

"यात तुमचं नाव शोधा बघू."

बाईंनी पाने उलटली. सगळीकडे मी होतो. प्रत्येक तासापुढे, प्रत्येक दिवसापुढे, पाच जणांच्या नऊ वर्षांपुढे माझ्यावरचेच नाव.

"आमच्या कागदावर तुम्ही कुठेच नाही," मालक म्हणाले आणि त्यांनी एका बोटाने माझ्यावर दोनदा टकटक केले. "शिकवलं ते यांनी. दाखला हवा तर यांच्या नावाचा घ्या. नाहीतर अजून एक वर्ष काढा, मग बघू काय करता येतं."

"दोन वर्षं मी उभी होते त्या वर्गात."

"उभ्या होतात. पण कागदाला काय दिसतं?"

बाई बाहेर आल्या. मित्रांनो, रागाने माणूस थरथरतो तेव्हा छातीवरचा बिल्ला किती हलतो, ते मी तुम्हांला कसे सांगू? मिशीवाल्या सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. ते म्हणाले, "काढा अजून एक वर्ष. मी तीन वर्षं तेच ऐकतोय."

दोन दिवसांनी वर्गाचा निरोपसमारंभ होता. त्यासाठी मुलांची तीस प्रमाणपत्रे भरायची होती. आता मालकांची एक सवय सांगतो. त्यांना शिक्के मारायची भारी हौस. चहा पिता पिता ते कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा पुढे घेत आणि ठप ठप करत सगळ्यांवर शाळेचा गोल शिक्का, तारीख आणि आपली सही ठोकून टाकत. भरायचे काम शिक्षकांचे. वर मुलाचे नाव, मध्ये वर्गाचा काळ, खाली 'शिकवणारे शिक्षक' आणि एक मोकळी ओळ. भरलेले कागद मालकांनी कधीच वाचले नव्हते. नाव तर ठरलेलेच होते, वाचायचे काय?

बाई दुपारी रिकाम्या वर्गात बसल्या. लिहिताना मी टेबलाला लागत होतो, म्हणून त्यांनी मला काढून खडूच्या डबीच्या झाकणात ठेवले. तिथून मला सगळे दिसत होते. त्यांनी पहिल्या मुलाचे नाव लिहिले. दोन वर्षांचा काळ लिहिला. मग खालच्या ओळीवर पेन थांबले. ते इतका वेळ थांबले की तिथे शाईचा ठिपका पडला.

मग त्यांनी लिहिले. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. चिऊच्या वहीवर होते तसे, पूर्ण. ठिपका झाकला गेला. पुढचा कागद घेतला, पुन्हा तेच. दहाव्या कागदापर्यंत त्या एकेक अक्षर जपून काढत होत्या, नंतर पेन भरभर चालू लागले. तिसाव्या कागदाला तर त्या गुणगुणत होत्या.

समारंभात मालकांनी हसत हसत प्रमाणपत्रे वाटली. पालकांनी फोटो काढले. पहिल्या बाकावर एक चष्मेवाली मुलगी बसायची, खोडरबरसुद्धा वाचून बघणारी. तिने आपला कागद वाचला. मग माझ्याकडे पाहिले. मग पुन्हा कागदाकडे. माझा श्वास अडकला, असलाच तर. तिने कागद आईला दाखवला आणि बाईंकडे बोट केले. दुसऱ्या दिवशी तिची आई शाळा सुटायच्या वेळी आली आणि बाईंच्या हातात एक झेरॉक्स ठेवली. "मूळ कागद आमच्या भिंतीवर राहणार," ती म्हणाली. "तुमच्या नावासकट."

महिना संपला. बाईंनी नोकरी सोडली आणि मला काउंटरवर ठेवले. पालथा नाही, सरळ. जाताना माझ्यावरून एकदा अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "तुझा काही दोष नाही रे." मित्रांनो, नऊ वर्षांत माझ्याशी कोणी बोलल्याचा तो एकच प्रसंग.

मी काउंटरच्या, कधीच पुरता बंद न होणाऱ्या ड्रॉवरमध्ये जाऊन पडलो. पंधरा दिवस माझा जीव टांगणीला लागलेला. शेवटी एका सकाळी फोन वाजला. नव्या वर्गाचे प्रवेश चालू होते, समोर पालकांची रांग होती. मालकांनी फोन उचलला आणि त्यांचा आवाज हळूहळू बारीक झाला.

"हो, शिक्का आमचाच... हो, सहीसुद्धा... नाही, प्रमाणपत्रं खोटी कशी असतील? आमची शाळा..." मग ते बराच वेळ ऐकत राहिले. पलीकडे शेजारच्या शहरातली ती चांगली शाळा होती. त्यांचा प्रश्न सरळ होता. या कागदावरच्या बाई तुमच्याकडे दोन वर्षे शिकवत होत्या की नव्हत्या? नाही म्हणावे, तर तीस मुलांची प्रमाणपत्रे खोटी ठरणार, आणि समोर रांगेत पालक कान टवकारून उभे. रांगेत पहिलीच होती चष्मेवालीची आई, धाकट्या मुलाचा हात धरून. ती एकटक मालकांकडे बघत होती.

मालकांनी घसा खाकरला. मग बाईंचे नाव घेतले. अडखळत घेतले, पण पूर्ण घेतले.

"होत्या," ते म्हणाले. "दोन वर्षं. त्याच शिकवायच्या."

मी ड्रॉवरमध्ये इतका खडखडलो की त्यांनी वरून हात आपटला!

पुढे एकदा मिशीवाले सर काउंटरवरच्या ताईंना सांगत होते, "चिऊ आली बरं का. आईच्या वर्गाच्या दारावरचं नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते म्हणे." त्या दिवशी सरांनी स्वतःचा बिल्ला काढून खिशात टाकला होता. कोणाच्या लक्षात आले की नाही, मला माहीत नाही.

माझी मात्र सुटका नव्हती. नवे सर आले, अगदी तरुण, कालच आलेले. मालकांनी मला त्यांच्या शर्टावर लावले आणि तेच जुने वाक्य ऐकवले, की तुमचे नाव इथल्या जिभेवर बसायचे नाही. नव्या सरांनी मान हलवली. ते वर्गात गेले. पहिला धडा. त्यांनी माझ्यावर बोट ठेवले, तोंड उघडले, आणि पहिल्या बाकावरून एक हात वर आला. चष्मेवालीचा धाकटा भाऊ. त्यालाही चष्मा.

"सर, माझ्या ताईच्या बाईंच्या बिल्ल्यावर पण हेच होतं. पण आमच्या भिंतीवर त्यांचं नाव वेगळंय. मग तुमचं काय आहे?"

मित्रांनो, मला घासूनपुसून चकचकीत करू नका. ती निगा मला नको. तुमच्यासमोर जो कोणी नावाची पट्टी लावून उभा असेल, शिकवणारा, वाढणारा, दारावर राखण करणारा, त्याला एकदा विचारा की बाबा रे, हे नाव तुझेच ना? आणि विचारून पळू नका. उत्तर येईपर्यंत थांबा. त्याला थोडा वेळ लागतो.

नव्या सरांनाही वेळ लागला. त्यांनी काचेतून बाहेर पाहिले. मालक पॅसेजमध्ये पाठमोरे उभे होते. मग सरांनी माझी सैल पिन उघडली, मला टेबलावर ठेवले, खडू घेतला आणि फळ्यावर आपले नाव लिहिले.

तीस मुलांनी ते म्हणून पाहिले. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा बरोबर म्हणाली.