सुनंदाचे मटार

भालचंद्रने तार छेडली आणि चष्म्यावरून सुनंदाच्या हातांकडे पाहिलं. हात मटार सोलत होते. म्हणजे जवारी, तारेची ती गुंजणारी आस, अजून बंद. तार बाजूला सारून त्याने तंबोऱ्याच्या तारांखालच्या घोडीवर पुन्हा कानस धरली.

ही खूण दोन वर्षं चालू होती. सूर खुलला, त्यात भुंग्यासारखी गुणगुण आली, की सुनंदाने हात थांबवायचे. कारण भालचंद्रचे कान आता नुसते चष्मा अडकवण्यापुरते उरले होते, आणि गाझियाबादेत हे फक्त तिला ठाऊक होतं. मिरजेहून आल्यापासून तीस वर्षं ज्या कानांवर संसार चालला, ते गेल्याचं फुटलं असतं तर उद्या कुणी एकतारीसुद्धा दुरुस्तीला दिली नसती. म्हणून गिऱ्हाईक आलं की सुनंदा काहीतरी निवडत बसे. मटार नसले तर तांदूळ. तांदळात खडे नसले तरी.

आज नीलाताई आल्या होत्या. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरात राहणाऱ्या, गाणाऱ्या, आणि ओळखीपाळखीतले सगळे तंबोरे इकडे धाडणाऱ्या. तंबोरा त्यांच्या आईचा, घोडी जुन्या सांबरशिंगाची. तसं शिंग आता मिळत नाही. बाई गुणी, पण रिकामं बसणं ठाऊक नाही.

"काकू, द्या इकडे. तुम्ही चहा टाका," म्हणत त्यांनी ताट ओढून घेतलं. सुनंदाने नको नको म्हटलं, पण फार नको म्हटलं तर संशय यायचा. ती आत गेली.

भालचंद्रची मान खाली होती. तार छेडून त्याने वर पाहिलं. चष्म्यावरून त्याला हात दिसत, बांगड्या दिसत नसत. हात चालूच होते. पुन्हा कानस.

तिसऱ्या खेपेला जवारी अशी खुलली की सुनंदाच्या हातातलं दुधाचं पातेलं तसंच राहिलं. "वा काका, बिल्कुल आईच्या वेळची," नीलाताई म्हणाल्या आणि पुढची शेंग मोडली. भालचंद्रने चालते हात पाहिले, मान खाली घातली, कानस चालवली. नीलाताईंना वाटलं, उस्तादांना आणखी काही ऐकू येत असणार.

सुनंदा दारात आली. "अहो, चहात साखर घालू ना?" दहा वर्षं साखर बंद असलेल्या माणसाने मान वर केली नाही. ओरडावं तर त्याचं सगळं उघडं पडणार, गप्प राहावं तर शिंग घासून जाणार. हे ठरेपर्यंत कानस चारदा फिरली. पाचव्यांदा तिने त्याचं मनगट धरलं.

त्याने दुसऱ्या हाताने तार जागेवर आणून छेडली. फळकुटावर बोट आपटावं तसा आवाज झाला. ताटातले हात थांबले.

भालचंद्रचा चेहरा उजळला. "खुलली ना?"

नीलाताईंनी सुनंदाकडे पाहिलं. मग त्याच्या समोर सरकून, ओठ नीट हलवत म्हणाल्या, "खुलली, काका. छान खुलली."

तो हसला. मग त्याची नजर आपल्या मनगटावरल्या हाताकडे गेली. तिथून ताटाकडे. चष्मा काढून पुसून त्याने पुन्हा घातला आणि घोडीवरून अंगठा फिरवला.

"ताई, शिंग गेलं," तो म्हणाला. "माझ्याच हातून."

त्याने चारी तारा सैल केल्या, कानस फडक्यात गुंडाळून सुनंदाच्या हातात दिली. मग ताट आपल्याकडे ओढलं आणि उरलेल्या शेंगा सोलायला बसला.