आवळलेल्या नटावरची रेघ

नट पक्का आवळून झाला की बाबा त्याच्यावर नेलपॉलिशची रेघ ओढत. नटाच्या डोक्यावरून निघून खालच्या पत्र्यावर उतरणारी, बारीक, लाल रेघ. पुढे कधी नट सैल होऊन फिरला तर रेघ मधोमध तुटते, आणि ते लांबूनही दिसतं. ज्याच्यावर रेघ नाही तो नट नुसता हाताने बसवलेला, त्याचं काम बाकी. "रेघ नाही तर भरवसा नाही," असं ते म्हणायचे. हा नियम त्यांनी गाडीखेरीज कशालाच लावला नाही. स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार वर्षानुवर्षं एका बिजागरीवर लोंबकळत होतं.

नेलपॉलिश अर्थातच आईचं. ती ते कुठे समारंभाला जाताना वगैरे लावायची, आणि नेमक्या त्याच वेळी बाटली जागेवर नसायची.

"सवतीची नखं रंगवायला नेली असेल," ती म्हणायची. "माझी राहू देत अशीच."

सवत म्हणजे गाडी. हे नाव मूळ काकाचं. काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ. त्यानेच आपल्या गाडीला दोरी बांधून ही गाडी ओढत आणली होती. मी तेव्हा कॉलेजात होते. दोन दारांची, पाठीला गोलाई असलेली, माझ्याहून वयाने मोठी गाडी. आत उंदरांनी घर केलेलं, खालचा पत्रा इतका खाल्लेला की सीटवर बसून जमीन दिसायची. काका उतरला, हात झटकले आणि आईला म्हणाला, "वहिनी, माप ओलांडून नाही आली म्हणून काय झालं, सवतच आहे. सांभाळा."

बाबा दोरी सोडत होते. ते म्हणाले, "आली दोरीने. जाईल ती स्वतःच्या पायांनी."

जायला तिने फार वर्षं लावली. बाबा पाणीपुरवठा खात्यात नकाशे काढायचे. संध्याकाळी घरी आले की कपडे बदलून गॅरेजात. आधी सगळी गाडी सुटी केली. काढलेला प्रत्येक बोल्ट ते लगेच त्याच्याच भोकात परत अडकवून ठेवत, हरवू नये म्हणून. त्यामुळे भिंतीला टेकून ठेवलेले दरवाजे आणि बॉनेट आपापले बोल्ट मिरवत उभे असायचे. मग पत्रा कापणं, नवा जोडणं, खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुटी, भरून घासणं. लांबीची पांढरी भुकटी त्यांच्या भुवयांवर बसायची आणि ते जेवायला आले की आमच्या ताटात म्हातारपण घेऊन आल्यासारखे दिसायचे. पुढे ते खरोखरच म्हातारे झाले, तेव्हा मला तो चेहरा ओळखीचा वाटला.

गाडी जशी होती तशीच करायची, असला सोवळेपणा त्यांच्याकडे नव्हता. ब्रेक त्यांनी नव्या गाडीचे बसवले, सीटबेल्टचे पट्टे बसवले, दिवे बदलले. काका चिडवायचा, "दादा, यात जुनं काय राहिलं?" तर म्हणायचे, "मी." आणि मग गंभीरपणे, "ही रस्त्यावर जायची आहे रे. बघायला ठेवायची नाहीये."

गेल्या हिवाळ्यात बाबा गेले. आजार लांबला नाही, पण शेवटच्या महिन्यांत ते विसरू लागले होते. चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे, हे तर पूर्वीपासूनचं. पण एकदा त्यांनी मला आत्याच्या नावाने हाक मारली आणि चूक त्यांच्या लक्षात आली नाही. माझ्या आली. ते मी कुणाला सांगितलं नाही.

आई माझ्याकडे राहायला यायची ठरली. घर रिकामं करायचं होतं. भांडी, कपाटं, गाद्या यांचं काही ना काही झालं. गॅरेज मी शेवटी ठेवलं. एका रविवारी सकाळी दार वर सरकवलं. मला वाटलं होतं, अर्धवट काम असेल. गाडी चार चाकांवर उभी होती, पत्र्याला फिकट हिरवा रंग, आतल्या सीटना नवी कव्हरं. मी वाकून बघितलं, बॉनेट उघडून बघितलं, चाकांच्या मागे टॉर्च मारला. जिथे जिथे नट होता तिथे तिथे लाल रेघ होती.

म्हणजे त्यांनी ती पूर्ण केली होती. आणि कुणाला बोलले नव्हते.

मी काकाला फोन केला. तो नवी बॅटरी आणि पेट्रोलचा डबा घेऊन आला, आणि दुसऱ्या हातात दोरी.

"दोरी कशाला?"

"असू दे गं. सवतीचा काय भरवसा?"

दुपारपर्यंत खटपट केल्यावर इंजिन लागलं. आधी खोकलं, मग धूर सोडला, मग शिलाई मशीनसारखं एका लयीत चालू लागलं. काका तोंड फिरवून हात पुसत उभा राहिला. मी ठरवलं, गाडी माझ्या घरी मी चालवत नेणार. आई शेजारी बसेल. दोरीबिरी काही नाही.

मी चालकाच्या जागी बसायला गेले आणि अडकले. गुडघे स्टिअरिंगला टेकले. सीट इतकी पुढे आणि इतकी वर होती की डोकं छताला लागत होतं. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, तिन्हींवर ॲल्युमिनियमचे जाड ठोकळे बसवलेले. पाय ठेवायलाच जागा नाही. सीट मागे सरकवायचा दांडा हाताला लागेना. तो काढूनच टाकला होता.

"बघू," म्हणून काका बसला. तो माझ्याहून उंच. घडीच्या खुर्चीसारखा दुमडून आत गेला आणि तसाच बाहेर आला.

"हे काय करून ठेवलंय दादाने?"

बाबा आमच्यात सगळ्यांत उंच होते.

चाकं तरी बघून घेऊ, म्हणून मी पुढचं चाक जॅकवर उचलून काढलं. आत ब्रेक जिथे बसतो तिथल्या नटावर पाना लावला. लाल रेघ स्वच्छ, अखंड होती. पाना नुसता टेकवला तर नट फिरला. मग मी पाना खाली ठेवला आणि बोटांनी फिरवून पाहिला. बोटांनीही फिरला.

त्या क्षणी मला जे वाटलं ते बाबा गेले त्या दिवशीही वाटलं नव्हतं. ब्रेकचा नट. सैल. आणि त्यावर त्यांची रेघ.

काका शेजारी उकिडवा बसला. त्याने नट पाहिला, सीटकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाला, "शेवटी शेवटी दादाचं ध्यान नव्हतं गं. वाईट वाटून घेऊ नकोस." थोड्या वेळाने, "आपण ओढूनच नेऊ. लांब नाहीये."

मी मान हलवली. ओढून नेण्याचं दुःख नव्हतं. जो माणूस रेघ नसलेल्या नटावर भरवसा ठेवायचा नाही, त्याच्या रेघेवर आता भरवसा राहिला नव्हता. म्हणजे तो माणूस मरणाच्या आधीच गेला होता, आणि इतके दिवस मी नुसता त्याच्या शरीराचा शोक करत होते.

आई चहा घेऊन आली. कप बॉनेटवर ठेवणार होती, तेवढ्यात मी ओरडले तशी थबकली आणि ते बाकावर ठेवले. "काय झालं? तोंडं का अशी?"

"काही नाही, वहिनी. दोरीने न्यायचं ठरतंय."

"का? आत्ता तर सुरू झाली होती. मी वरून ऐकली."

आता लपवून काय करायचं. मी म्हटलं, "आई, ब्रेकचा नट सैल आहे. बाबांनी रेघ ओढली, पण आवळलाच नाही."

आईने डोकावून पाहिलं. चष्मा वर केला, खाली केला. "ही होय? ही मी ओढलीय."

काकाने उचललेला कप परत बाकावर ठेवला.

"तू?"

"मग काय तर. ते गेल्यावर दुपारी झोप यायची नाही. मी इथे येऊन बसायचे. वाकून हात पोचेल तिथले कितीतरी नट तसेच राहिले होते. म्हटलं, एवढंच राहिलंय त्यांचं, तर करून टाकावं. बाटली होतीच." तिने आमच्याकडे पाहिलं. "गंज लागू नये म्हणूनच लावतात ना?"

"गंज!" काका म्हणाला.

"इतकी वर्षं बाटल्या मी पुरवल्या. कुणी सांगितलं का मला कशासाठी ते?"

"तुम्ही विचारलंत का वहिनी?"

"सवतीची चौकशी कोण करतं, भावजी?"

काका हसता हसता बाकावर बसला. मी हसले, आणि हसणं मधेच दुसऱ्या कशात तरी वळलं, तेव्हा मी चाकाच्या मागे तोंड घातलं. आईला तिची चूक समजावून सांगितली, तेव्हा ती आधी घाबरली, मग रागावली, बाबांवर. "नकाशावर प्रत्येक खुणेचा अर्थ खाली लिहितात म्हणे. इथे नको का लिहायला?"

प्रश्न एवढाच उरला की कोणती रेघ कुणाची. आईचा हात सुरेख; रेघा बाबांसारख्याच, किंबहुना अधिकच सरळ. बाबांच्या शेवटच्या रेघा थरथरत्या असतील म्हणावं, तर त्यांच्या आधीच्या आईच्याइतक्याच ताठ होत्या. रंग तोच, बाटली तीच. बघून काही ठरेना. काका म्हणाला, "म्हणजे आता प्रत्येक नटाला विचारायचं, बाबा रे, तू कुणाचा?"

आम्ही तसंच केलं. ती दुपार आणि पुढचे काही रविवार. मी पाना लावायची. फिरला तर आईचा, मग तो पक्का आवळायचा, जुनी रेघ पुसायची आणि आई बाटली उघडून नवी ओढायची. "आता माझी खरी ना?" ती दर वेळी विचारायची. हलला नाही तर बाबांचा. त्याला काही करायचं नाही. पण पाना लावल्यावर तो क्षणभर माझ्या हाताला तसाच अडवून धरायचा, पूर्ण जोर लावला तरी. लहानपणी ते पंजा लढवायला बसायचे तेव्हा लावायचे तसा, मला हरवायचं नाही आणि स्वतःही हलायचं नाही. असे नट पुष्कळ निघाले. रेघ खरी असायची. आईचा हात पोचणार नाही अशा एकाही जागी नट सैल निघाला नाही.

इंजिनाखाली, कुणाला कधी दिसणार नाही अशा जागी, हात कोपरापर्यंत आत घालून मी ते तपासत गेले. त्यांचाही हात इथवर आला असणार. माझा लहान, मला सोपं गेलं. त्यांना कातडी सोलवून घ्यावी लागली असणार. जेवताना त्यांच्या बोटांच्या सांध्यांवर कायम खरचटलेलं असे. आम्ही कधी विचारलं नाही कुठे लागलं. विचारावं असं ते काही वाटायचंच नाही.

सीट शेवटी राहिली. ती चूकच होती, मागे सरकवायला हवी होती, असं माझं ठरलेलं. मी गाडीत पाठीवर आडवी झाले, डोकं सीटखाली घातलं. सीटचा सांगाडा दोन नव्या पट्ट्यांवर उचलून बसवला होता. अंधारात टॉर्च मारला तर चारही नटांवर लाल रेघा.

"आई, सीटखालच्या पण तूच ओढल्यास ना?"

"सीटखाली? मला आडवी होता येतं का? एकदा पडले की क्रेन बोलवावी लागेल."

मी पाना लावला. पहिला हलला नाही. दुसरा, तिसरा, चौथा. मग पायांपाशी सरकले आणि ठोकळ्यांच्या मागे टॉर्च नेला. तिथेही बारीक रेघा. तेही हलले नाहीत.

मी तशीच पडून राहिले. म्हणजे चुकून नव्हतं. पूर्ण विचार करून, मोजून, कायमचं. दांडा काढून टाकला होता, कारण सीट पुन्हा मागे न्यायचीच नव्हती.

"आई," मी आतूनच म्हटलं, "बाबांनी तुझं कसलं माप घेतलं होतं का कधी?"

"घेतलं होतं. उन्हाळ्यात. स्टुलावर बसवून कमरेपासून टाचेपर्यंत. मला वाटलं, गुडघ्यासाठी पट्टा आणणार आहेत." मग थांबून, "आणि माझ्या मागे लागून लायसन्स नवं करून घ्यायला लावलं. मी म्हटलं, या वयात कशाला? म्हणाले, असावं."

काका म्हणाला, "वहिनी, तुम्ही उशी घेऊन चालवायचात, आठवतं? पाठीमागे एक, खाली एक."

मला ते ऐकून माहीत होतं, घरातला जुना विनोद म्हणून. आईने माहेरी असताना अशाच गाडीवर शिकून घेतलं होतं. लग्नानंतर काही वर्षं घरची छोटी गाडी उशा घेऊन चालवली. मग घरात मोठी गाडी आली, तिचे पाय पोचेनात, उशा पुरेनात, आणि तिचं चालवणं कधी थांबलं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. कुणाच्याच, असं मी धरून चालले होते.

मी बाहेर आले आणि दार धरून उभी राहिले. आई बसली. एकदम बसली, जशी स्वयंपाकघरातल्या तिच्या स्टुलावर बसायची. पाय ठोकळ्यांवर टेकले. तिने क्लच दाबून पाहिला, पूर्ण. काच तिच्या डोळ्यांसमोर होती, स्टिअरिंग छातीपासून हातभर.

"उशी आणू?" काका म्हणाला.

"नको."

मी शेजारी बसले. काकाने दोरी गुंडाळून डिकीत टाकली आणि फाटकाची दोन्ही दारं उघडून धरली. पहिल्यांदा गाडी हिसका खाऊन बंद पडली. "थांब गं," आई म्हणाली, मला की गाडीला ते कळलं नाही. पुन्हा सुरू केली. मागे येणारं काही दिसतंय का बघायला तिने आरसा खाली करायला हात वर नेला, आणि तो तसाच परत आणला.

आरसा तिच्या उंचीला होता.