सात नंबरची लाईन

भरवेलीच्या कामगार वसाहतीतल्या सभागृहामागे जमिनीत एक खड्डा आहे. उन्हाळ्यात रुख्माबाई रोज सकाळी त्यात बादलीभर पाणी ओतते. खड्ड्यात झाड नाही.

तीन पिनांच्या प्लगमध्ये वरची पिन बाकी दोन्हींपेक्षा जाड आणि लांब असते.

"पापा, वीडियो में आपका तो कुछ सुनाई ही नहीं देता." हे श्रुतिका म्हणाली होती, नववीत असताना.

प्रीतमचा डावा हात रिकामा राहत नाही. जेवतानाही तो ताटाच्या कडेवर बोटं चालवतो.

साधना गाताना कधीच मागे वळून बघत नाही.

"हॅलो, चेक. सात नंबर. वाजव ना बे नागसेन!"

नागसेन वाजवतच होता.

त्याने बेस गिटारची सगळ्यात जाड तार पुन्हा छेडली. तार बोटाखाली थरथरली, पण पायाशी ठेवलेल्या स्पीकरमधून काहीच आलं नाही. सभागृहाच्या दुसऱ्या टोकाला मिक्सरच्या टेबलामागे चैतरामभाऊ उभे होते. त्यांनी कानामागे हात धरला आणि मान हलवली. नाही.

बुद्धपौर्णिमा होती. सकाळचे अकरा वाजले होते आणि कार्यक्रम दोनचा होता. मागच्या अंगणात खिरीचं मोठं पातेलं चुलीवर चढलं होतं. दुधाचा वास स्टेजपर्यंत येत होता.

नागसेन मेश्राम एकोणपन्नास वर्षांचा होता. बालाघाटच्या एका सरकारी शाळेत, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. मुलांसाठी टेबलावर बॅटऱ्या, तारा, लंबक मांडायचे, आणि तास संपला की उचलून कपाटात ठेवायचे. सुट्टीच्या दिवशी तो बायकोच्या ऑर्केस्ट्रात बेस वाजवायचा. साधना गायची, तिचा धाकटा भाऊ प्रीतम कीबोर्डवर असायचा, आणि साउंड चैतरामभाऊंचा. नागसेन स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात उभा राहायचा, कारण बेसवाला तिथेच उभा राहतो. बेस कानाला कळायच्या आधी पोटाला कळतो. लोकांना तो वेगळा ऐकू येत नाही, पण नसला की गाणं पोकळ वाटतं. निदान नागसेनचा तसा विश्वास होता.

•

मार्चमध्ये त्याच्या अँपचा, बेसला जोडायच्या स्पीकरपेटीचा, पडदा फाटला. याच पेटीतून एक तार सात नंबरच्या लाईनला जायची. तो गोंदियाला गेला. दुकानदाराने त्याच्यासमोर दोन वस्तू ठेवल्या. एक नवा अँप, आणि एक लोखंडी डबा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा.

"भैया, खुद को सुनना है तो ये अँप. पब्लिक को सुनाना है तो ये डब्बा. गिटार इसमें, और यहाँ से सीधा मिक्सर."

नागसेनने डबा उचलून पाहिला. बावीस वर्षं अँप मोटरसायकलवर जायचा, मागे बसलेल्या साधनाच्या मांडीवर. हा डबा खिशात मावत होता.

घरी येऊन त्याने तो साधनाला दाखवला. ती भाजी निवडत होती. बराच वेळ तिने डब्याकडे पाहिलं.

"अँपच घ्याचा होता ना."

"तूच म्हणत होती, मांडी दुखते म्हून."

"दुखली असती."

"आता लोकाइले सरळ ऐकू जाईन, साधना. पोरगीबी येऊन राह्यली पौर्णिमेले."

साधना भाजी घेऊन उठली. नळ बराच वेळ चालू राहिला.

•

एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मुलांना तो हेच शिकवायचा. सर शिकवायचे ते वेगळं.

गिटारचं बटण पूर्ण उघडं होतं. गिटारपासून डब्यापर्यंतची वायर बदलली. काही नाही. डब्याला गिटारऐवजी कीबोर्ड जोडला. काही नाही. मग डबा बाजूला ठेवून कीबोर्ड थेट सात नंबरच्या लाईनला लावला. तरी नाही. म्हणजे गिटार आणि डबा मधून काढले तरी आवाज नाही. राहिली लाईन. गिटार आणि डबा त्याने पुन्हा जागेवर जोडले.

"तू चहा पी ना," चैतरामभाऊ माईकवरून म्हणाले. "मी पाह्यतो आरामात."

"पाह्यतोच आहो मी."

नागसेन स्टेजवरून उतरला. काळी, जाड केबल सतरंजीच्या कडेने, खुर्च्यांच्या रांगेखालून मिक्सरकडे गेली होती. तो वाकून तिच्यामागे चालत राहिला. मागून प्रीतम म्हणाला, "भाऊजी, राहू द्या ना. आज अँपशिवाय चालवून घेऊ." त्याचा आवाज जरा घाईचा होता.

टेबलाखाली केबलचं तोंड फुटून दहा तारा झाल्या होत्या. प्रत्येकीच्या टोकावर नंबरची पट्टी. एक ते सहा मिक्सरमध्ये होत्या. आठ ते दहाही होत्या. सात नंबरची तार व्यवस्थित गुंडाळून टेबलाच्या पायाला बांधलेली होती. तिच्या टोकावर प्लास्टिकची पिशवी होती, आणि पिशवीवर दोन रबरबँड.

नागसेन गुडघ्यांवर बसूनच राहिला.

"हे काय होय चैतरामभाऊ?"

"निंघाली असन."

"निंघालेल्या वायरले कोनी पिशवी बांधते काय?"

चैतरामभाऊंनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. साठी उलटलेला माणूस, पण पकडलेल्या विद्यार्थ्यासारखा दिसत होता.

"धूळ नोको बसाले म्हून बांधली. म्हटलं, कधी लावाची वेळ आली तं खराब नोको व्हाले."

"कधीपासून?"

"रामपायलीपासून."

रामपायलीचा कार्यक्रम सहा वर्षांपूर्वी झाला होता.

"त्या दिवशी तुह्या बेसमधून हुंऽऽ असा आवाज सुरू झालता. भंतेजी बोलून राह्यलते अन् मागून हुंऽऽ. लोक हासाले लागले. मंग काढली."

"तुमी काढली?"

चैतरामभाऊंनी स्टेजकडे पाहिलं, मग मिक्सरकडे. "मिक्सर माह्या होय ना. मीच म्हन."

सहा वर्षं. वारासिवनी, कटंगी, लांजी, उकवा. उकव्याला खाणीतला एक फोरमन स्टेजवर येऊन म्हणाला होता, "आज बेस एकदम भारी." नागसेनने त्याचा हात दोन्ही हातांनी धरला होता. त्या वेळी पाठीमागे त्याचा अँप वाजत होता. फक्त त्याच्यासाठी.

"मंग लोकाइले काय ऐकू येत होतं?"

 स्टेजवरून प्रीतमने डावा हात थोडा वर केला.

"कीबोर्डवर तुमचंच वाजवत होतो मी, भाऊजी. तुमी जे वाजवता तेच, जसंच्या तसं. एक सूरबी माह्या मनाचा नाही टाकला."

•

साधना स्टेजमागच्या खोलीत केसांना पांढऱ्या फुलांची वेणी लावत होती.

"तुले माहीत होतं?"

"हौ."

"काहून नाही सांगतलं?"

तिने दातात धरलेली पिन काढली. "सांगतलं असतं तं तुमी वाजवनं सोडलं असतं."

"सोडलं असतं!"

"मंग? मी गाले गेली असती, अन् तुमी घरी बसून काय केलं असतं? शाळेतले लंबक मोजले असते?"

ती टोचून बोलली नव्हती. तिला खरोखर उत्तर हवं होतं. नागसेन खोलीबाहेर आला.

निघून जावं म्हटलं तरी बालाघाट सात किलोमीटर. मोटरसायकल त्याची, पण परत जाताना साधना कशी जाणार? श्रुतिका जबलपूरहून निघाली होती, दोन वाजता थेट इथेच येणार होती. प्रीतम घरचा. चैतरामभाऊ त्याच्या लग्नाचे साक्षीदार. ज्याच्यावर ओरडावं असा एकही परका माणूस तिथे नव्हता.

तो परत मिक्सरपाशी गेला, रबरबँड काढले आणि सात नंबरची तार तिच्या जागी घातली. आतलं टोक नव्यासारखं चमकत होतं.

हुंऽऽऽऽ.

"पाह्य," चैतरामभाऊ म्हणाले. "हेच."

नागसेन स्टेजवर चढला. तारांवर तळहात ठेवला, आवाज कमी झाला. हात उचलला, पुन्हा वाढला. ठेवला. उचलला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. हे त्याला येत होतं. प्रयोग क्रमांक अकरा.

"अर्थिंग नाही भाऊ. मिक्सरचा प्लग दाखवा."

चैतरामभाऊंनी भिंतीतून प्लग ओढला. वरची जाड, अर्थिंगची पिन मुळापासून तुटलेली होती.

"कोन तोडली हे?"

"तूच तं तोडली," चैतरामभाऊ हळूच म्हणाले. "रामपायलीले. दोन छेदाचं जुनं सॉकेट होतं, जाऊन नाही राह्यलता प्लग. तू पकडीनं मोडली. म्हने, काही फरक पडत नाही, लाईट तं येते ना."

नागसेनला पकड आठवली. पिन तुटतानाचा 'कट्' आठवला. प्रयोगशाळेत तशाच प्लगचं मोठं चित्र भिंतीवर होतं. दर जुलैत तोच त्याच्यावरची धूळ पुसायचा.

चैतरामभाऊंच्या पेटीत नवा प्लग निघाला. नागसेनने बसवला. हुंऽऽ थोडं उतरलं, गेलं नाही. मग तो सभागृहामागे गेला. रुख्माबाई पातेल्यातली खीर ढवळत होती.

"मावशी, अर्थिंगचा खड्डा कोनता?"

"पाणी टाकाचा? तो काय कोपऱ्यात. खिरीच्या गडबडीत आज राह्यलं ना बाप्पा! खाणीचे बडे साहेब बदलून गेले, पन सांगून गेलते, रुख्माबाई, त्याले तहानेला नोको ठेवू."

खड्ड्यातली माती फुटाण्यासारखी भाजली होती. नागसेनने दोन बादल्या ओतल्या. रुख्माबाईने आत जाऊन मूठभर खडेमीठ आणलं आणि तेही टाकलं. माती सुस्कारल्यासारखा आवाज करत खाली बसली.

आत आला तेव्हा सगळे गप्प उभे होते. मग त्याच्या लक्षात आलं, स्पीकरही गप्प होते.

त्याने सगळ्यात जाड तार एकदाच छेडली.

छताचे पत्रे शहारले. खिडकीतून डोकावणाऱ्या रुख्माबाईने झारा तसाच धरून दुसरा हात पोटावर ठेवला.

"काय वाजलं बाप्पा हे?"

"आमचा नागसेन होय," चैतरामभाऊ म्हणाले, आणि नाक शिंकरायला बाहेर गेले.

•

दोन वाजता वंदना झाली. पहिलं गाणं सुरू झालं. प्रीतमने डावा हात मांडीखाली दाबून ठेवला होता, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा. साधनाचा आवाज वर चढला, आणि खालून नागसेनने त्याला जमीन दिली. पहिल्याच कडव्यात ती किंचित थांबली. गाता गाता पायऱ्या उतरताना एक पायरी अचानक भक्कम लागावी, तशी.

श्रुतिका तिसऱ्या रांगेत होती. तिने व्हिडिओसाठी फोन वर धरला होता. अर्ध्या गाण्यात तिने तो खाली घेतला आणि नुसती ऐकत बसली.

दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर लाईट गेली.

सभागृहामागे जनरेटर धडधडला. हातगाडीवरचा, चार रबरी चाकांचा. त्याचा जमिनीशी संबंध नव्हता. बल्ब पेटले, पंखे फिरू लागले, आणि हुंऽऽऽ परत आलं. आधी गाण्याखाली लपलेलं, मग कडवं संपताच उघडं. समितीचे अध्यक्ष खुर्चीतून वळले. मागच्या रांगेत कोणीतरी भुंग्यासारखा आवाज काढला, दोन-तीन जण हसले.

चैतरामभाऊंचं बोट सात नंबरच्या बटणावर होतं, पण त्यांनी ते खाली ओढलं नाही. ते नागसेनकडे बघत राहिले. प्रीतम बघत होता. आणि साधनाने, माईक हातात धरून, मागे वळून पाहिलं.

पुढचं कडवं दोन मात्रांवर आलं होतं.

नागसेनने चैतरामभाऊंकडे बघून मान खाली केली. एकदाच.

हुंऽऽ थांबलं. प्रीतमचा डावा हात मांडीखालून निघाला आणि कीबोर्डवर चढला. कडवं वेळेवर सुरू झालं.

त्यानंतर सात गाणी झाली. नागसेनने सातही वाजवली. एकही सूर गाळला नाही, एकही बोट आळशी पडू दिलं नाही. शेवटच्या गाण्यात एक अवघड वळण होतं, चौथ्या तारेवरून पहिलीवर. ते त्याने दोनदा घेतलं आणि दोन्ही वेळा बरोबर घेतलं. तेवढ्याच मात्रांवर स्पीकरमधून प्रीतमचा डावा हात तेच वळण घेत होता. टाळ्या झाल्या.

श्रुतिका खिरीचा द्रोण घेऊन स्टेजपाशी आली.

"पापा, पहला वाला गाना..." ती म्हणाली आणि छातीच्या खाली हात ठेवला. "इधर लगा."

"लगा?"

"हाँ. फिर कहाँ चला गया?"

"जनरेटर होता बेटा," नागसेन म्हणाला. "खीर खाय, थंडी होईन."

चैतरामभाऊ स्पीकर उतरवत होते. नागसेन टेबलाखाली वाकला. सात नंबरची तार काढून त्याने तिचे तीन सारखे वेढे केले, टोक शर्टाला पुसलं आणि पिशवीत घातलं. रबरबँड एकच सापडला. दुसरा साधनाने स्वतःच्या वेणीचा काढून दिला.

रामपायलीला आयोजक चैतरामभाऊंच्या कानाशी म्हणाला होता, "त्या बेसवाल्याले खाली उतरवा," ते शेजारी उभ्या साधनाने ऐकलं, आणि सात नंबरची तार तिनेच काढली होती.