आठव्या कागदावरची हंडी

मी एक मातीची हंडी बोलतेय. पोटाला रुंद, डोक्यावर झाकण, तपकिरी अंगावर पिवळ्या-हिरव्या थेंबांची नक्षी. रूसे शहरात, डॅन्यूब नदीपासून दोन गल्ल्या आत, मिग्लेनाच्या टेबलावर मी बसलेली असते. माझ्यात आता काही शिजत नाही. माझ्यात फोन ठेवतात.

बातमी आली तो मंगळवार रोजच्यासारखाच होता. मिग्लेनाने खिडकी उघडली, लिंडेनच्या फुलांचा चहा उकळायला ठेवला, दोन पेले पुसले. अकराला स्तोइलदादा यायचे होते. अकरा वाजून गेले. ते वेळेचे पक्के होते. उलट दहा मिनिटं आधी येऊन जिन्यात उभे राहायचे. सव्वाअकराला तिने त्यांना फोन लावला.

पलीकडून एका तरुण बाईचा आवाज आला. "मी त्यांची मुलगी. बिल्याना. बाबा शनिवारी गेले. टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होते."

मिग्लेनाने कसं झालं एवढंच विचारलं आणि फोन खाली ठेवला. चहा उकळून उकळून काळा पडला, तरी गॅस बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही.

माझा जन्म त्रोयानचा, डोंगरातला. तिथल्या एका कुंभाराने मला चाकावर चढवलं, झाकणाला वाफ जायला एक भोक पाडलं आणि भट्टीत टाकलं. मिग्लेनाच्या आईने मला जत्रेत विकत घेतलं. तीस वर्षं माझ्यात रविवारचं मटण शिजलं, सोबत भेंडी, ढोबळी मिरची, टोमॅटो. आई गेली तेव्हा मिग्लेनाने घरातून फार काही आणलं नाही. मला आणलं. पहिल्याच हिवाळ्यात माझ्या बुडाला तडा गेला आणि माझं चुलीशी असलेलं नातं संपलं. मग माझ्यात पिना राहिल्या, रबरं राहिली, एकदा तर आठवडाभर एक विसरलेलं सफरचंद राहिलं.

मिग्लेनाचं काम सांगायला थोडं अवघड आहे. लोक येतात, समोर बसतात, बोलतात. ती ऐकते आणि प्रश्न विचारते. सल्ला देत नाही. डॉक्टर नाही, वकील नाही, पाद्रीही नाही. याला कोच म्हणतात. कुणाला वरच्या जागेवर बढती मिळालेली असते आणि झेपत नसते, कुणाला धंदा सोडायचा असतो आणि धीर होत नसतो. माणूस बोलता बोलता स्वतःच स्वतःला सापडतो, असा तिचा विश्वास आहे. मला मातीला काय कळतं. पण पुष्कळदा तसं होताना मी पाहिलंय.

तीन वर्षांपूर्वी तिच्या फोनमध्ये एक कारकून आला. कृत्रिम बुद्धीचा. तो बोलणं ऐकायचा आणि भेट संपल्यावर एका पानात सारांश लिहून द्यायचा. मिग्लेना खूश झाली. लिहिण्यात जाणारा वेळ वाचला, समोरच्याच्या डोळ्यांकडे बघता येऊ लागलं. मग एक दिवस पेत्राना नावाच्या मुख्याध्यापिका आल्या. बोलण्याच्या भरात म्हणाल्या, "या नवऱ्याला एक दिवस मी डॅन्यूबमध्ये बुडवणार आहे, बघाच!" दोघी पोट धरून हसल्या. पुढच्या भेटीला मिग्लेनाने सारांश वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं, 'पतीच्या जिवाला धोका संभवतो.'

पेत्रानाबाई पुन्हा हसल्या. मग हसता हसता थांबल्या.

"हे कुठे कुठे जातं हो?" त्यांनी विचारलं.

ते मिग्लेनालाच माहीत नव्हतं. तिची मान खाली गेली ती मी पाहिली.

नंतर तीन दिवस ती त्या कारकुनाचे बारीक अक्षरातले नियम वाचत बसली. काय काय बंद केलं, काय काय बदललं. चौथ्या दिवशी तिने माझ्यातल्या पिना खोक्यात ओतल्या आणि मला टेबलाच्या मधोमध ठेवलं. तेव्हापासून प्रत्येक माणसाला ती आधी सांगते, "इथे एक यंत्र ऐकतं. तुम्ही नको म्हणालात तर नाही ऐकणार. ते काय लिहितं ते आधी तुम्ही वाचायचं, चुकलेलं खोडायचं, मग मूळ आवाज पुसून टाकायचा. आणि मधेच वाटलं की हे यंत्राने ऐकू नये, तर ते बंद करून या हंडीत ठेवायचं." बंद केल्यावर पुन्हा हंडी कशाला, असं कुणी विचारलं तर ती म्हणते, "बंद केलंय हे मला माहीत. तुम्हाला दिसायला नको का?"

स्तोइलदादा पहिल्या दिवशी आले ते टोपी हातात चुरगाळत. एकोणीस वर्षं जर्मनीत ट्रक चालवून गावी परतलेला माणूस. इथल्या वाहतूक कंपनीने त्यांना डेपोचा प्रमुख केलं होतं आणि कंपनीच्याच खर्चाने इकडे पाठवलं होतं.

"कोच म्हणजे फुटबॉलचा ना?" ते म्हणाले. "मला पळवू नका, ताई. गुडघे गेलेत."

"पळायचं नाही. बोलायचं."

"मग पळवलेलं बरं."

त्यांना माणसांशी बोलताच यायचं नाही. एकोणीस वर्षं केबिनमध्ये एकटे. चालकांना ते हातांनी, भुवयांनी आणि मानेने कामं सांगायचे, आणि तिथेच घोटाळा व्हायचा. आमच्याकडे मान खालीवर हलवली की 'नाही', आणि डावीउजवीकडे डोलावली की 'हो'. बाकीच्या जगात म्हणे उलट असतं. स्तोइलदादांची मान अर्धी इथली आणि अर्धी जर्मनीची झाली होती. मिग्लेनाने चहात मध घालू का विचारलं, त्यांनी मान खालीवर केली. तिने बरणी बंद केली.

"अहो, हो म्हटलं ना मी!"

"कुठे म्हटलंत?"

पुढच्या खेपेला त्यांनी तशीच मान हलवली, तिने दोन चमचे मध घातला, तर म्हणाले, "आज नको होता. साखर वाढलीय." त्या दिवशी दोघंही एवढे हसले की कारकुनाने सारांशात लिहिलं, 'मधाविषयी मतभेद.'

मला पाहिल्या पाहिल्या त्यांनी झाकणाच्या भोकात बोट घातलं होतं. "ताई, हिला तर कान आहे!" दुसऱ्या खेपेला येताना घरून एक वाळलेली लाल मिरची आणली आणि भोकात खोचली. "आता ऐकायला गेली की ठसकाच लागेल." त्यांनी आपलाही फोन माझ्यात टाकला. "शेजारीण फोन करते. तिला सगळं हवं असतं."

तरी सात भेटींत मला फारसं काम पडलं नाही. कारकून लिहायचा, दादा चष्मा लावून वाचायचे, पेन्सिलीने खोडायचे, खाली लिहायचे, 'वाचलं. बरोबर.' आणि एक प्रत घडी घालून घरी न्यायचे. सातव्या कागदाच्या शेवटी ओळ होती, 'पत्नीच्या दफनाच्या दिवशी मुलगी बिल्याना एक वाक्य बोलली. त्याविषयी पुढच्या वेळी.'

पुढच्या वेळी ते आले, बसले, आणि मिग्लेनाचा फोन त्यांनी स्वतःच उचलून तिच्यापुढे धरला. तिने कारकून बंद केला. त्यांनी फोन माझ्यात ठेवला, झाकण लावलं आणि माझ्यावर हात ठेवून पाऊण तास बोलले. त्यांचा तळवा खरबरीत होता, आणि गरम.

ते काय बोलले ते मला माहीत आहे, मिग्लेनाला माहीत आहे. मी ते इथे सांगणार नाही. ज्या भरवशावर त्यांनी माझ्यावर हात ठेवला होता तो भरवसा ते गेल्याने संपला, असं मला वाटत नाही.

शेवटी मिग्लेनाने विचारलं, "दादा, हे बिल्यानाला कळायला हवं असं मला वाटतं. मी तिच्याशी बोलले तर चालेल?"

स्तोइलदादांनी माझ्याकडे बघत मान खालीवर हलवली. एकदाच, हळू.

दाराची घंटा वाजली. पुढची बाई आली होती. दादांनी टोपी घातली, मिरचीवर टिचकी मारली आणि गेले. मिग्लेनाने मला उघडून फोन बाहेर काढला तेव्हा कारकुनाने दर भेटीनंतर विचारतो तसं पडद्यावर विचारलं होतं, 'इतरांना माहिती देण्यास संमती आहे का?' पुढे दोन चौकोन, हो आणि नाही. तिचं बोट नाहीवर गेलं, मग वर उचललं गेलं. तिने दोन्ही चौकोन तसेच सोडले.

दादा गेल्यापासून अडतिसाव्या दिवशी बिल्याना आली. काळा सदरा, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, हातात उकडलेल्या गव्हाची वाटी, वर साखर आणि अक्रोड. "बाबांच्या नावाचं," ती म्हणाली. मिग्लेनाने चमचाभर खाल्लं. "देव त्यांना क्षमा करो."

मग बिल्यानाने पिशवीतून घड्या पडलेले आठ कागद काढले. "गाडीच्या कागदांत सापडले. सात वाचले. आठव्यावर बाबांच्या अक्षरात नुसती तारीख आहे आणि एकच शब्द. 'हंडी.' मला वाटलं त्यांना भूक लागली असेल."

मिग्लेनाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि रीत समजावली. बिल्यानाने आठवा कागद माझ्यासमोर ठेवला.

"मॅडम, ते वाक्य माझं आहे. आईच्या कबरीपाशी, सगळ्यांसमोर मी त्यांना म्हटलं होतं, 'तुम्ही तिकडेच राहायचं होतं.' आई आजारी असताना ते गाडीवर होते ना. त्यानंतर तीन वर्षं आम्ही फक्त विजेचं बिल आणि कुत्र्याचं खाणं एवढंच बोललो. मला एकच सांगा. त्यांनी ते मनातून काढलं होतं का?"

मिग्लेनाने माझं झाकण नीट बसवलं.

बिल्यानाने आणखी एक कागद पुढे केला. हा नवा होता, पांढराशुभ्र. "हे सात कागद मी घरच्या यंत्रात घातले आणि म्हटलं, आठवा लिही. लिहिलं त्याने. वाचू?" आणि तिने वाचलं. त्यात बाप लेकीला म्हणत होता की दुःखात निघालेल्या शब्दांना वजन नसतं, की मी तुला केव्हाच माफ केलंय. "बाबा इतकं गोड जन्मात बोलले नसते," नाक पुसत ती म्हणाली. "पण अर्थ हाच होता ना? हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. एवढंच."

एका 'हो'चं काम होतं. मी मिग्लेनाचं तोंड पाहत होते. ओठ उघडले होते.

"हा कागद त्यांना न ऐकता लिहिलाय," ती म्हणाली. "मी याला हो म्हटलं काय, नाही म्हटलं काय, दोन्हीकडून त्यांचंच बोलणं बाहेर काढल्यासारखं होईल."

"माझे बाबा गेले, मॅडम! आता गुपित कोणाचं राखताय?"

"त्यांचंच."

बिल्याना उठली. पिशवी खांद्याला लावली. तेव्हा मिग्लेना म्हणाली, "थांब. एक गोष्ट माझी आहे, ती सांगू शकते. तुला सांगू का, असं मी त्यांना विचारलं होतं."

"मग?"

मिग्लेनाने मान हलवून दाखवली. खालीवर, एकदा.

बिल्याना पिशवीसकट परत बसली. "भराभर की हळू?"

"हळू."

"इथली की जर्मनीची?"

"मला नाही कळलं, बिल्याना. तेव्हा नाही वाटलं. संध्याकाळी वाटलं, हो असेल. आजही रोज बदलतं."

बिल्याना हसायला लागली. हसता हसता तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "आई ना, डाव घेऊन उभी राहायची टेबलाशी. सूप वाढू का विचारलं की हे आपले मान हलवणार. मग ती ओरडायची, 'ही मान कुठल्या देशाची? तोंडाने बोल की मेल्या!'"

गहू मधे होता. थोडा थोडा करत दोघींनी वाटी संपवली.

जाताना तिने तो पांढरा कागद घडी घालून पिशवीत ठेवला. "हा मी फाडणार नाही. माझ्याच यंत्राने लिहिलाय, बाबांनी नाही, ते मला माहीत आहे. तरी वाचेन कधीतरी."

"वाच," मिग्लेना म्हणाली. "फक्त त्याखाली त्यांचं नाव लिहू नकोस."

बिल्याना अधूनमधून येते. कामासाठी नाही. चहा पिते, माझ्या झाकणावरून हात फिरवते. ती पुन्हा विचारत नाही आणि मिग्लेना सांगत नाही. कारकून अजून आहे. चांगलं लिहितो, कधी कधी चुकतो, मग लोक खोडतात. माझा तडा बुडापासून निम्म्यापर्यंत चढलाय. थंडीत तो आतून कुरकुरतो. किती दिवस टिकेन ते सांगता येत नाही. माझ्यानंतर कुणी दुसरी हंडी आणली तर तिला एवढंच सांगा, आत ठेवलेलं सांडू नये, मग ते कितीही प्रेमाने मागितलेलं असो.

घंटा वाजली नसती तर आपण पुन्हा विचारलं असतं, असं मिग्लेना म्हणते. मला तसं वाटत नाही. उत्तर मिळालं असंच तेव्हा तिला वाटलं होतं. स्तोइलदादांना तोंडाने सांगा म्हणायचं राहून गेलं.